परतीचा निरोप : गेम कम्युनिटी मॅनेजरच्या कामाबद्दल

नोकरीच्या पहिल्याच महिन्यात आमच्या डिस्कॉर्डवर (खेळाडूंच्या गप्पांच्या अ‍ॅपवर) एकच ओरड सुरू झाली : शॉटगनची वाट लावली. पुण्यातल्या एका छोट्या स्टुडिओत आम्ही मोबाइलवरचा शूटिंग गेम चालवत होतो आणि मी तिथे कम्युनिटी मॅनेजर, म्हणजे खेळाडू आणि डेव्हलपर यांच्यातला दुवा, म्हणून नुकतीच रुजू झाले होते. मी तक्रारी मोजल्या, शीट बनवली आणि डिझायनरला जाऊन सांगितलं, की लोकांना शॉटगनचं डॅमेज (माराची ताकद) वाढवून हवंय. त्याने शांतपणे मागच्या दोन पॅचचे, म्हणजे गेमच्या अपडेटचे, बदल उघडून दाखवले. शॉटगनला कोणी हातच लावला नव्हता.

मग खेळाडू खोटं बोलत होते का? तसंही नव्हतं. नांदेडचा एक मुलगा मराठीत कॉमेंट्री करून गेमचे व्हिडिओ टाकायचा. पाच हजारही सबस्क्रायबर नव्हते. त्याने मला स्क्रीन रेकॉर्डिंग पाठवलं : "ताई, आवाज कधी येतो ते बघा." 3 जीबी रॅमच्या त्याच्या फोनवर गोळी सुटायची, गेम क्षणभर अडकायचा आणि लागल्याची खूण व आवाज मागाहून यायचा. नव्या पॅचमध्ये आम्ही आवाज बदलले होते. ते ऐन वेळी मेमरीत चढताना स्वस्त फोन अडखळत होते. बंदूक तीच होती, तिची खबर उशिरा पोचत होती.

खेळाडूला जे जाणवतं ते जवळजवळ नेहमी खरं असतं. तो सुचवतो तो उपाय मात्र त्याचा अंदाज असतो. म्हणून "नर्फ करा" (ताकद कमी करा), "बफ करा" (ताकद वाढवा) एवढंच वर पोचवू नका. फोन कोणता, रॅम किती, कोणता मॅप, पॅचच्या आधी असं होत होतं का, रेकॉर्डिंग आहे का, हे विचारा. अशा नीट विचारलेल्या दहा तक्रारी डेव्हलपरला हजार नुसत्या कॉमेंटपेक्षा जास्त उपयोगी पडतात.

खरी चूक मी यानंतर केली. दोन आठवड्यांनी दुरुस्ती आली, पॅच नोट्समध्ये "ऑडिओ सुधारणा" अशी एक ओळ गेली आणि मी पुढच्या कामाला लागले. त्या मुलाला काहीच कळवलं नाही. महिन्याभराने त्याचा व्हिडिओ आला : छोट्या क्रिएटरचं इथे कोणी ऐकत नाही. ऐकलं होतं. त्याच्याच रेकॉर्डिंगवरून काम झालं होतं. पण त्याला ते कळणार कसं? मी फोन करून माफी मागितली आणि पुढच्या पॅच नोट्समध्ये, त्याला विचारून, त्याचं नाव घातलं. तेव्हापासून माझ्या शीटमध्ये शेवटचा रकाना असतो : "परत कळवलं का?" काम होणार नसेल तरी तो रकाना भरायचा. "हे करणार नाही, कारण अमुक" असं सांगितलं तर माणूस चिडतो, पण टिकतो. नुसतं "टीमला कळवलंय" हे उत्तर मात्र दुसऱ्यांदा कोणी ऐकून घेत नाही.

उत्तर दिलं म्हणजे झालं, असंही नाही. नोव्हेंबर 2017 मध्ये 'स्टार वॉर्स बॅटलफ्रंट 2' बाजारात येत होता. डार्थ व्हेडरसारखं पात्र खुलं करायला 60,000 क्रेडिट (गेममधलं चलन) लागत आणि पूर्ण पैसे मोजूनही तासन्‌तास घासत बसावं लागतं, अशी खेळाडूंची तक्रार होती. गेम काढणाऱ्या ईए कंपनीच्या कम्युनिटी टीमने रेडिट या चर्चेच्या साइटवर उत्तर दिलं, की खेळाडूंना अभिमान आणि काहीतरी मिळवल्याचं समाधान वाटावं हा हेतू आहे. त्या उत्तराला साडेसहा लाखांहून जास्त डाउनव्होट (नापसंतीची मतं) पडले आणि गिनीज बुकात नोंद झाली. कंपनीने पात्रांची किंमत 75 टक्क्यांनी उतरवली. ते उत्तर मी नव्या सहकाऱ्यांना मुद्दाम वाचायला देते. भाषा सभ्य आहे, पण विचारलेल्या प्रश्नाला त्यात हात घातलेला नाही. उत्तर लिहून झालं, की तक्रार पुन्हा वाचा आणि दोन्ही शेजारी ठेवून बघा.

आता क्रिएटरांविषयी. नवी मुलं सबस्क्रायबरचे आकडे बघून यादी करतात. मी आधी त्यांच्या कॉमेंट वाचते. खालचे लोक गेमबद्दल बोलताहेत की फक्त गिव्हअवेचा (फुकट बक्षिसाचा) कोड मागताहेत, यावरून बरंच समजतं. पॅच येण्याआधी बिल्ड (गेमची तयार होत असलेली आवृत्ती) द्यायची असेल तर मोठ्या-छोट्या सगळ्यांना एकाच दिवशी द्या, एम्बार्गोची (ज्याआधी व्हिडिओ टाकायचा नाही ती) तारीख आणि वेळ स्पष्ट लिहा आणि माहीत असलेल्या बगची यादी सोबत जोडा. ती लपवली, तर तोच बग त्यांच्या थंबनेलवर येतो.

पैसे दिले असतील तर व्हिडिओत तसं दिसलंच पाहिजे. जाहिरातींवर लक्ष ठेवणाऱ्या एएससीआय या संस्थेचे इन्फ्लुएन्सरसाठीचे नियम जून 2021 पासून लागू आहेत. चाचणीसाठी दिलेला फोन क्रिएटरने स्वतःकडे ठेवला, तर जुलै 2022 मध्ये आलेल्या नियमानुसार वर्षाला 20,000 रुपयांवरच्या अशा लाभावर 10 टक्के टीडीएसचा प्रश्न येतो. हे त्याला आधीच सांगा, मार्चमध्ये नको.

पैसे घेतले तरी मत त्याचंच राहतं. एका वरिष्ठांनी मला टीकेचा व्हिडिओ काढून टाकायला सांग म्हटलं होतं. मी नाही म्हटलं आणि त्या व्हिडिओतले मुद्दे मिनिटांसकट लिहून त्यांच्यासमोर ठेवले. सातपैकी पाच बरोबर होते.

या क्रिएटर मुलांचं पोट आपल्या गेमवर असतं, हे मला 28 जुलै 2022 ला उमगलं. त्या दिवशी बीजीएमआय (पब्जीचा भारतीय अवतार) गुगल आणि अ‍ॅपलच्या स्टोअरवरून गेला आणि परत यायला मे 2023 उजाडला. मधल्या दहा महिन्यांत कितीतरी जण दुसऱ्या गेमकडे वळले, त्यातले काही आमच्याकडे आले. रोज संध्याकाळी कस्टम रूम (आपल्या प्रेक्षकांसाठीचा खासगी सामना) लावणारी ही मुलं विचारायची, तुमचा गेम तरी राहील ना? हे वचन मला देता येत नव्हतं. म्हणून सर्व्हर कधी बंद असणार, पॅच किती दिवस लांबला, हे मी त्यांना सगळ्यांच्या आधी सांगत गेले.

मराठी येणं ही या कामात मोठी जमेची बाजू आहे. कॉमेंटचा सूर ओळखणारी टूल्स "नाद खुळा" किंवा "जाळ अन् धूर संगटच" बघून गोंधळतात. त्यातून लोक हे रोमन अक्षरांत, मनाला येईल त्या स्पेलिंगने लिहितात. आमच्या एका अहवालात "खतरनाक अपडेट भावा" हे नाराजीत मोजलं गेलं होतं. म्हणून निदान शंभर कॉमेंट मी रोज स्वतः वाचते.

या क्षेत्रात यायचं असेल तर पदवी कोणती यावर फारसं अडत नाही. कॉलेजच्या टूर्नामेंटचा डिस्कॉर्ड तीन महिने सांभाळा, भांडणं सोडवा, नियम लिहा. तुम्ही खेळता त्या गेमचे प्ले स्टोअरवरचे दोनशे रिव्ह्यू वाचून एका पानाचा अहवाल करा : लोक काय म्हणतात, नेमकं काय होत असावं, तपासायचं कसं आणि त्यांना परत काय सांगाल. अर्जासोबत ते पान जोडा. मुलाखतीत मी शेवटचा रकाना आधी वाचते.