थंबनेल आधी बोटभर करून बघा

व्हिडिओ मेहनतीने केलाय, पण कोणी उघडतच नाही? थंबनेल, म्हणजे यूट्यूबवर व्हिडिओ उघडण्याआधी दिसणारं छोटं चित्र, तपासा. आपण ते मोठ्या स्क्रीनवर बनवतो, लोक मात्र मोबाईलवर बोटभर आकारात बघतात.

१. १२८० × ७२० पिक्सेलचं थंबनेल झालं की झूम १० टक्क्यांवर आणा. अक्षरं वाचता येत नाहीत? शब्द कमी करा, तीन-चार पुरेत. शीर्षकातलेच शब्द तर मुळीच नकोत.

२. उजवा खालचा कोपरा मोकळा सोडा. तिथे व्हिडिओची लांबी दिसते आणि नेमका महत्त्वाचा शब्द झाकला जातो.

३. व्हिडिओचा विषय ठरवायला यूट्यूबच्या सर्चमध्ये आपला शब्द अर्धवट टाइप करून थांबा. खाली येणाऱ्या सूचनांतून लोक काय शोधतात ते कळतं.

मात्र थंबनेलमध्ये दाखवलेलं व्हिडिओत असायलाच हवं, नाहीतर आलेला माणूस लगेच निघून जातो.