कॅम्पेनला हात लावण्याआधी मोजणी तपासा: अ‍ॅनालिटिक्समधल्या या चुका टाळा

एका सोमवारी सकाळी डॅशबोर्ड उघडला तर कन्व्हर्जन रेट, म्हणजे साइटवर आलेल्यांपैकी खरेदी करणाऱ्यांचं प्रमाण, थेट दुप्पट. शुक्रवारी नवं लँडिंग पेज (जाहिरातीवर क्लिक केल्यावर उघडणारं पान) चढवलं होतं, त्यामुळे सगळं श्रेय त्याला देऊन मोकळे झालो आणि जाहिरातीचं बजेटही वाढवलं. नऊ दिवसांनी हिशेब सांभाळणाऱ्या बाईंनी विचारलं, "एवढ्या ऑर्डरी आल्या म्हणता, मग माझ्याकडे का दिसत नाहीत?"

उत्तर लाजिरवाणं होतं. नव्या पेजबरोबर डेव्हलपरने खरेदीचा टॅग (खरेदी झाल्याची नोंद अ‍ॅनालिटिक्सला पाठवणारा तुकडा) थेट कोडमध्ये घातला होता, आणि टॅग मॅनेजर या टॅग सांभाळणाऱ्या साधनातला जुना टॅगही चालूच होता. ऑर्डर एक, नोंदी दोन. दोन्ही टॅग ऑर्डर क्रमांक पाठवत असते तर गूगल अ‍ॅनालिटिक्स ४ ने (साइटवरची ये-जा आणि खरेदी मोजणारं गूगलचं साधन) दुसरी नोंद गाळली असती; पण नव्या टॅगमध्ये तो क्रमांकच नव्हता.

तेव्हापासून आकडा अचानक बरोब्बर दुप्पट दिसला की मला आनंद होत नाही, धास्ती वाटते. कॅम्पेन सुधारतं तेव्हा आकडे वेडेवाकडे वाढतात. इतकी नेटकी उडी बहुतेक टॅगचीच असते. तपासायची रीत सोपी आहे. स्वतः एक ऑर्डर टाका, अ‍ॅनालिटिक्समधला डीबगव्ह्यू (नोंदी येतील तशा दाखवणारा पडदा) उघडा ठेवा आणि खरेदीचा इव्हेंट, म्हणजे नोंद, किती वेळा येतो ते मोजा. मग 'धन्यवाद' पेज रिफ्रेश करून पुन्हा पाहा. तिथेही नवा इव्हेंट आला तर दुसरं भोकही सापडलं.

आठवड्यातून एकदा अ‍ॅनालिटिक्समधल्या ऑर्डरी खऱ्या ऑर्डरींशी ताडून पाहा. अ‍ॅनालिटिक्समध्ये थोड्या कमी दिसणारच, कारण काही जण कुकीला परवानगी देत नाहीत, काहींचे ब्राउझर टॅग अडवतात. पण रद्द झालेल्या ऑर्डरी धरूनही तिथे जास्त दिसत असतील, तर कुठेतरी दुबार मोजणी चालू आहे.

दुसरी मोठी गळती यूटीएमची, म्हणजे माणूस कुठून आला हे कळावं म्हणून लिंकच्या शेवटी जोडलेल्या शब्दांची. यूटीएममध्ये लहान-मोठी इंग्रजी अक्षरं वेगळी धरली जातात. त्यामुळे पहिलं अक्षर कॅपिटल असलेलं फेसबुक, सगळी लहान अक्षरं असलेलं फेसबुक आणि घाईत कुणीतरी टाकलेलं 'एफबी' अशा एकाच जाहिरातीच्या तीन ओळी रिपोर्टमध्ये दिसतात. प्रत्येक ओळ किरकोळ वाटते आणि चांगलं चाललेलं कॅम्पेन मार खातं.

त्याहून छुपी चूक 'मीडियम'मध्ये होते. यूटीएममधला 'सोर्स' म्हणजे माणूस कोणत्या साइटवरून आला, 'मीडियम' म्हणजे कोणत्या प्रकारे. सोर्समध्ये फेसबुक नीट लिहिलं, पण मीडियममध्ये मनाला येईल ते टाकलं, तर पैसे मोजून आणलेला ट्रॅफिक अ‍ॅनालिटिक्स बहुधा 'ऑरगॅनिक सोशल'मध्ये, म्हणजे सोशल मीडियावरून फुकट आलेल्यांत, टाकतं. मग मीटिंगमध्ये कुणीतरी म्हणतं, "आपलं ऑरगॅनिक काय मस्त चाललंय, जाहिराती कमी करूया." जाहिराती कमी केल्या की ऑरगॅनिकही झोपतं आणि असं का झालं ते कुणालाच कळत नाही. सशुल्क जाहिरातीच्या मीडियममध्ये 'सीपीसी' (कॉस्ट पर क्लिक) किंवा 'पेड'ने सुरू होणारा शब्द हवा. ठरलेल्या शब्दांची एक शीट बनवा आणि लिंक तिच्यातूनच तयार करा.

वेबसाइटच्या आतल्या बॅनरना मात्र यूटीएम लावू नका. ग्राहक जाहिरातीतून येतो आणि श्रेय होमपेजवरचा बॅनर खाऊन जातो. आणि कॅम्पेन सुरू करण्याआधी स्वतःच्या लिंकवर क्लिक करून अ‍ॅड्रेस बारमध्ये यूटीएमची शेपटी शेवटपर्यंत टिकते का ते बघा. मधला रीडायरेक्ट (एका पत्त्यावरून दुसऱ्यावर आपोआप नेणारी सोय) ती कापून टाकत असेल, तर आलेला माणूस बऱ्याचदा 'डायरेक्ट'मध्ये, म्हणजे थेट आलेल्यांत, जाऊन बसतो.

विक्री रिपोर्टमध्ये पेमेंट गेटवेच्या (ऑनलाइन पैसे घेणाऱ्या सेवेच्या) नावावर दिसते का? ग्राहक पैसे भरायला गेटवेवर गेला आणि परत आला, तर अ‍ॅनालिटिक्सला तो गेटवेने धाडलेला वाटतो. गेटवेचं डोमेन (साइटचा पत्ता) अ‍ॅनालिटिक्सच्या सेटिंगमधल्या नको असलेल्या रेफरलच्या, म्हणजे माणसं धाडणाऱ्या साइटच्या, यादीत टाका, काम झालं.

आता सगळ्यात जास्त भांडणं लावणारी गोष्ट. समजा, एकीने सोमवारी इन्स्टाग्रामच्या जाहिरातीवर क्लिक केलं, गुरुवारी गूगलवर शोधून तिथल्या जाहिरातीतून आली आणि खरेदी केली. इन्स्टाग्राम ज्या मेटा कंपनीचं, तिची नेहमीची खिडकी, म्हणजे विक्रीचं श्रेय घ्यायची मुदत, क्लिकनंतर ७ दिवसांची, म्हणून मेटा म्हणतं विक्री माझी. गूगल अ‍ॅड्सची साधारण ३० दिवसांची, म्हणून गूगलही म्हणतं माझी. खोटं कुणीच बोलत नाही, पण दोन्हीकडच्या विक्रीची बेरीज केली की ग्राहक एक आणि विक्री दोन. ही बेरीज क्लायंटच्या स्लाइडवर कधीही टाकू नका. एकूण आकडा ऑर्डरींच्या यादीतून घ्या. प्लॅटफॉर्मचे आकडे त्या-त्या प्लॅटफॉर्मवरच्या दोन जाहिरातींची तुलना करायला वापरा.

यातच तारखांचा घोळ. गूगल अ‍ॅड्सच्या मुख्य रकान्यात कन्व्हर्जन क्लिकच्या तारखेला लागतं, अ‍ॅनालिटिक्समध्ये खरेदीच्या तारखेला. गूगलच्या जाहिरातीवरच्या सोमवारच्या क्लिकवरून गुरुवारी झालेली खरेदी गूगल अ‍ॅड्समध्ये सोमवारी जाऊन बसते. म्हणजे तिथले शेवटचे काही दिवस कायमच हडकुळे दिसणार, कारण त्यांची विक्री अजून यायची असते. हे माहीत नसल्याने कित्येक चांगली कॅम्पेन चौथ्या दिवशी बंद पडतात. तुमचा ग्राहक निर्णयाला सरासरी आठवडा घेत असेल, तर गेल्या आठवड्याचा निकाल आज लावू नका. दोन्ही खात्यांचा टाइम झोनही एकच आहे ना, तेही बघून घ्या.

काही सेटिंग्ज एकदाच करायच्या असतात, म्हणूनच राहून जातात. गूगल अ‍ॅनालिटिक्स ४ मध्ये एक्सप्लोरेशनसाठीचा (आपण स्वतः रचतो त्या रिपोर्टसाठीचा) तपशीलवार डेटा मुळात २ महिनेच ठेवला जातो. तो १४ महिन्यांवर न्या. गेलेला डेटा परत येत नाही, तेव्हा आजच. ऑफिसमधला ट्रॅफिक वगळायला आयपीचा (ऑफिसच्या इंटरनेट पत्त्याचा) नियम लिहून थांबू नका, फिल्टर 'टेस्टिंग'मधून 'अ‍ॅक्टिव्ह'वर आणा. नाहीतर तुमचीच टीम दिवसभर साइट चाळत राहते आणि तुम्ही ग्राहकांची वर्दळ म्हणून खूश होता. २०२३ च्या जुलैआधीचा जुन्या अ‍ॅनालिटिक्समधला बाउन्स रेट (आल्या पावली परतणाऱ्यांचं प्रमाण) कुठे सांभाळून ठेवला असेल, तर तो आजच्या आकड्याशेजारी मांडू नका. नाव तेच, व्याख्या वेगळी: आता १० सेकंदांपेक्षा जास्त थांबलेला माणूस एकच पान पाहूनही बाउन्समध्ये धरला जात नाही.

ईमेलच्या ओपन रेटवर (किती जणांनी मेल उघडला त्या प्रमाणावर) तर मी विश्वास ठेवणंच सोडलं आहे. २०२१ च्या सप्टेंबरात आलेल्या अ‍ॅपलच्या मेल प्रायव्हसीमुळे मेलमधली चित्रं आधीच उतरवली जातात, आणि न वाचलेला मेलही उघडल्यासारखा दिसतो. क्लिक मोजा.

आणि लहान आकड्यांवर उड्या मारू नका. एका जाहिरातीतून १०० जण आले, ३ जणांनी घेतलं. दुसरीतून १०० आले, ५ जणांनी घेतलं. 'दुसरी दीडपटीहून चांगली' असं म्हणायचा मोह होतो, पण दोन माणसांच्या फरकावर बजेट हलवणं म्हणजे नाणेफेक. आकडे मोठे होऊ द्या, आणि किती दिवस चाचणी चालवायची ते आधीच लिहून ठेवा. रोज डोकावून, आवडीचा निकाल दिसला की थांबायचं, हा सगळ्यांचाच रोग आहे, माझाही.

त्या सोमवारनंतर आम्ही एक साधी शीट ठेवतो: तारीख, काय बदललं, कुणी बदललं. ग्राफमध्ये उडी किंवा खड्डा दिसला की आधी ती उघडायची. त्या शुक्रवारची नोंद मागाहून भरली. तिथे आता दोन ओळी आहेत: 'नवं लँडिंग पेज चढवलं' आणि 'खरेदीचा टॅग कोडमध्ये घातला'.