‘रिव्हर्ट’ वापरताय? या चुका टाळा

‘काइंडली रिव्हर्ट.’ निम्म्या ईमेलांचा शेवट याच दोन शब्दांनी होतो. लिहिणाऱ्याला हवं असतं उत्तर. पण रिव्हर्टचा मूळ अर्थ पूर्वीच्या स्थितीला, मालकाला किंवा सवयीला परत जाणं. ‘उत्तर देणे’ हा अर्थ भारतीय इंग्रजीत इतका मुरलाय की काही शब्दकोशांनीही त्याची नोंद घेतली आहे. आपापसात चालवा, पलीकडचा माणूस परदेशी असेल तर नको.

हे मी स्वतः फटका खाऊन शिकलो. एका परदेशी प्रोग्रामरला मी घाईत लिहिलं, ‘प्लीज रिव्हर्ट द चेंजेस बाय टुमॉरो’. मला म्हणायचं होतं, बदल बघ आणि उद्यापर्यंत कळव. सकाळी पाहतो तर पठ्ठ्याने दोन आठवड्यांचं काम उलटवून ठेवलेलं! चूक त्याची नव्हतीच. गिटमध्ये, म्हणजे प्रोग्रामर कोडमधल्या बदलांची नोंद ठेवायला वापरतात त्या सॉफ्टवेअरमध्ये, ‘रिव्हर्ट’ नावाची आज्ञाच आहे आणि ती केलेला बदल उलटवते. नशीब, ती जुना इतिहास पुसत नाही, उलटा बदल नवी नोंद म्हणून जोडते. म्हणून त्या रिव्हर्टलाच रिव्हर्ट करून काम परत मिळालं. तेव्हापासून मी ‘रिप्लाय’ लिहितो. साधा शब्द वापरला म्हणून इंग्रजी कच्चं ठरत नाही, पण नवशिक्यांना भारदस्त शब्दांची भारी हौस.

दुसरी माझ्या डोक्यात जाणारी चूक म्हणजे ‘रिव्हर्ट बॅक’. लॅटिनमध्ये ‘रे’ म्हणजे मागे, ‘व्हर्तेरे’ म्हणजे वळणे. ‘मागे’ शब्दातच आहे, वर ‘बॅक’ कशाला? हा ‘व्हर्तेरे’ आपल्या संस्कृत ‘वृत्’ धातूचा सख्खा भाऊ. वर्तुळ, परिवर्तन, आवर्तन त्यातलेच. तिकडे कन्व्हर्ट, डायव्हर्ट, इन्व्हर्ट. एवढं कुटुंब एकदा ओळखलं की पाठांतर करावं लागत नाही. पण तयार वाक्यं चिकटवणाऱ्यांना तेवढा धीर कुठला?

‘आय विल रिव्हर्ट टू यू’ शब्दशः घेतलं तर ‘मी पुन्हा तू होईन’. ‘रिव्हर्ट मी’ तर लिहूच नका.

‘रिव्हर्ट टू’नंतर क्रियापद आलं तर ‘इंग’ लावा: ‘रिव्हर्टेड टू स्मोकिंग’, ‘टू स्मोक’ नव्हे.

आणि नाम ‘रिव्हर्शन’. ‘रिव्हर्टेशन’ असा शब्द नाही, कितीही ठसक्यात म्हटला तरी.