इंटरनेटवरचा अभ्यास आणि विद्यापीठाचे नियम: या चुका टाळा

प्रबंध सादर करायची मुदत जवळ आली की ग्रंथालयात पहिला प्रश्न ठरलेला असतो: "सिमिलॅरिटी किती टक्क्यांखाली आणायची?" सिमिलॅरिटी म्हणजे प्रबंधातला दुसरीकडच्या मजकुराशी जुळणारा भाग. प्रबंधात काय लिहिलंय, ते कुठून घेतलंय, हे कुणी विचारत नाही. दोष एकट्या विद्यार्थ्यांचा नाही. आकडा बघून सही करणारे प्राध्यापक आणि आकडा उतरवायला वाक्यं फिरवणारी मुलं, दोघांनीही वाचायचं काम मशीनवर ढकललंय.

सिमिलॅरिटीचा टक्का म्हणजे चोरीचं प्रमाण, असं समजणं ही माझ्या मते सगळ्यांत नुकसानकारक चूक. टर्निटिनसारखं सॉफ्टवेअर फक्त जुळणारा मजकूर दाखवतं. तो का जुळतोय, हे माणसानंच बघायचं असतं.

एका विभागात एकाच आठवड्यात दोन प्रबंध आले. एकीचा टक्का मर्यादेच्या वर होता, म्हणून तिचा प्रबंध न उघडताच परत पाठवला गेला. ती रडकुंडीला येऊन माझ्याकडे आली. रिपोर्ट उघडला तर रंगवलेला बहुतेक भाग म्हणजे संदर्भसूची, परिशिष्टातली प्रमाणित प्रश्नावली आणि व्यवस्थित नोंद करून दिलेली अवतरणं. संदर्भसूची आणि अवतरणं वगळायचा फिल्टर कुणी लावलाच नव्हता! दुसऱ्या प्रबंधाचा टक्का एक आकडी, त्यामुळे त्याचं कौतुक सुरू होतं. तो मी चाळला तर विषयातल्या रुळलेल्या संज्ञांच्या जागी कुणी कधी न वापरलेले शब्द. वाक्य फिरवणाऱ्या टूलचा हा ठसा असतो. 'आर्टिफिशियल इंटेलिजन्स'चं 'काउंटरफिट कॉन्शसनेस' झाल्यासारखी उदाहरणं फ्रेंच संगणकशास्त्रज्ञ गियोम काबानाक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०२१ मध्ये छापून आलेल्या शोधनिबंधांतून शोधून दाखवली होती. मार्गदर्शकांनी एक पान वाचलं असतं, तरी त्यांना संशय आला असता.

मी रिपोर्ट बघते तेव्हा आधी फिल्टर लावते आणि सगळ्यांत लांब सलग जुळणी उघडते. टक्क्याकडे शेवटी बघते. विद्यार्थ्यांना एकच सांगते: टिपण काढताना लेख बंद करा आणि मग लिहा. शब्दशः काही घ्यायचं असेल तर त्याच क्षणी अवतरणचिन्हं आणि पान क्रमांक टाका. 'नंतर टाकू' म्हणणाऱ्यांची ती जागा नंतर कधीच सापडत नाही. आणि टक्का उतरवून देणाऱ्या साइटच्या नादी अजिबात लागू नका.

हाच आकड्यांचा मोह आता एआय ओळखणाऱ्या टूलच्या बाबतीत दिसतो. चॅटजीपीटी बनवणाऱ्या ओपनएआयनं स्वतःचं असं टूल अचूकता कमी असल्यामुळे जुलै २०२३ मध्ये बंद केलं. अमेरिकेतल्या व्हँडरबिल्ट विद्यापीठानं ऑगस्ट २०२३ मध्ये टर्निटिनमधली ही सोय बंद केली. त्यांचा हिशोब सरळ होता: २०२२ मध्ये ७५,००० लेख तपासायला गेले होते आणि त्यात एक टक्का जरी चूक झाली असती, तरी सुमारे ७५० लेखांवर खोटा ठपका बसला असता. स्टॅनफर्डच्या संशोधकांनी त्याच वर्षी दाखवलं की इंग्रजी मातृभाषा नसलेल्यांचे सरासरी निम्म्याहून अधिक निबंध ही टूल्स यंत्रानं लिहिलेले ठरवत होती. तेव्हा शंका आली तर मुलाला समोर बसवा, मसुद्याच्या जुन्या आवृत्त्या मागा आणि त्याच्याच लेखनावर दहा मिनिटं बोला. ज्यानं स्वतः लिहिलंय तो अडखळत का होईना, सांगू शकतो. मुलांनीही मसुदे जपून ठेवावेत. अंगावर आलं तर तोच पुरावा असतो.

न वाचलेले संदर्भ सूचीत घालणं ही दुसरी चूक, आणि ती बघून माझा संयम सुटतो. चॅटबॉटकडे संदर्भ मागितले तर तो लेखक खरा देतो, नियतकालिक खरं देतो, खंडही देतो; मात्र त्या पानांवर भलताच लेख निघतो. २०२३ मध्ये न्यूयॉर्कच्या फेडरल न्यायालयानं चॅटजीपीटीनं रचलेल्या, कधी झालेच नाहीत अशा खटल्यांचे दाखले देणाऱ्या वकिलांना ५,००० डॉलर दंड केला. म्हणजे मुरलेले व्यावसायिकही यात फसतात. माझा नेम असा: डीओआय (लेखाचा कायमचा ऑनलाइन ओळखक्रमांक) उघडून लेखाचं पहिलं पान डोळ्यांनी बघितल्याशिवाय नोंद सूचीत जात नाही. याला वेळ लागतो आणि तो लागणारच. तीस नोंदी एका संध्याकाळी जमवायच्या असतील, तर त्यापेक्षा वाचलेल्या दहा द्या.

विकिपीडिया संदर्भ म्हणून देऊ नका. तळटीपांपर्यंत जा आणि तिथला मूळ स्रोत वाचा.

पीडीएफ उतरवून ठेवणं म्हणजे अभ्यास नव्हे.

वर्गात लॅपटॉपवर सरसकट बंदी घालणंही चूकच. हातानं लिहिलेल्या टिपणांच्या बाजूनं २०१४ चा जो अभ्यास सगळे पुढे करतात, त्याचा निष्कर्ष नंतरच्या पुनर्प्रयोगांत तितका ठाम निघाला नाही. पण २०१३ च्या एका प्रयोगात लॅपटॉपवर भलतंच काहीतरी करत बसलेल्या दुसऱ्याची स्क्रीन ज्यांना दिसत होती, त्यांचेही गुण घसरले होते. म्हणून लॅपटॉपवाल्यांना मागच्या रांगा द्या. काही अडचणीमुळे कुणाला लॅपटॉप लागतच असेल तर त्याला परवानगी मागायला लावू नका.

शेवटी नियम लिहिणाऱ्यांसाठी. 'एआयचा गैरवापर करू नये' या वाक्याला नियम म्हणता येत नाही, कारण गैरवापर म्हणजे काय ते प्रत्येक शिक्षक वेगळं सांगतो आणि मुलं मधल्या मध्ये भरडली जातात. प्रत्येक विषयाच्या अभ्यासक्रमपत्रिकेत स्पष्ट लिहा: भाषा तपासायला चालेल का, रूपरेषा काढायला चालेल का, कोड लिहायला चालेल का, आणि वापरलं तर ते कुठे नोंदवायचं. नियमावर तारीख टाका, दर सत्राला तो पुन्हा उघडा आणि त्या बैठकीला विद्यार्थी बोलवा. तपासणीचं सॉफ्टवेअर मुलांना पहिल्या मसुद्यापासूनच वापरू द्या आणि तो पहिला रिपोर्ट मार्गदर्शकांनी त्यांच्यासोबत बसून वाचावा.