मोकळ्या मैदानातील शास्त्रीय मैफल: ध्वनियोजना आणि माणसांची नेमणूक

मोकळ्या मैदानात हजारभर श्रोत्यांसाठी गायनाची मैफल ठरली, की बहुतेक आयोजक स्पीकर किती लागतील याची चौकशी आधी करतात. मिक्सरवर, म्हणजे सगळ्या मायक्रोफोनचे आवाज जुळवणाऱ्या यंत्रावर, कोण बसणार आणि रंगमंच कोण सांभाळणार, हे मात्र त्याआधी ठरवावे, कारण जाणकार माणूस साध्या यंत्रणेतूनही सुरेल मैफल ऐकवू शकतो.

कलाकाराकडून साथीदारांची यादी आणि बैठकीचा आराखडा आठवडाभर आधी मागवावा. गायक, दोन तानपुरे, तबला, डग्गा, संवादिनी आणि निवेदक एवढ्यांसाठी सात मायक्रोफोन लागतात. स्वरमंडल किंवा मागे गाणारे शिष्य असल्यास ते वाढतात. किमान एक मायक्रोफोन आणि काही केबल जोडून तपासलेल्या अवस्थेत राखीव ठेवाव्यात.

सर्वाधिक काळजी मॉनिटरची, म्हणजे कलाकारांना ऐकू यावे म्हणून त्यांच्याकडे तोंड करून ठेवलेल्या स्पीकरची, घ्यावी. गायकाला स्वतःचा आवाज आणि तानपुरा स्पष्ट ऐकू आला नाही, तर त्याचा षड्जच डळमळतो आणि पुढची सगळी मैफल त्याची किंमत मोजते. म्हणून शक्य असेल तेथे मॉनिटरसाठी स्वतंत्र ध्वनितंत्रज्ञ नेमावा आणि त्याला गायकाची नजर व हाताची खूण थेट दिसेल अशा बाजूला बसवावे. हा माणूस शास्त्रीय संगीत ऐकणारा असावा, असा माझा आग्रह आहे. केवळ ऑर्केस्ट्राची सवय असलेला तंत्रज्ञ डग्ग्याचा घुमार वाढवतो, आवाजावर प्रतिध्वनी चढवतो आणि मींड, म्हणजे एका स्वरावरून दुसऱ्यावर सलग घसरत जाणे, त्यात बुडून जाते.

मुख्य मिक्सर मात्र श्रोत्यांमध्येच, मध्यरेषेजवळ असावा. मैदान लांब असेल तर पुढचे स्पीकर मोठे करण्याऐवजी मध्यावर आणखी एक जोडी उभारावी. ध्वनीला 40 मीटर कापायला साधारण 0.12 सेकंद लागतात, त्यामुळे तेवढा विलंब त्या जोडीला दिला नाही, तर मागच्या श्रोत्यांना प्रत्येक बोल दुहेरी ऐकू येतो.

ध्वनी आणि प्रकाशयोजनेचा वीजपुरवठा वेगळा ठेवावा, अर्थिंग परवानाधारक वीजतंत्रज्ञाकडून तपासून घ्यावे आणि कार्यक्रम संपेपर्यंत जनरेटरजवळ त्याचा चालक थांबेल अशी व्यवस्था करावी. परवानग्यांचे काम एका जबाबदार व्यक्तीकडेच असावे. 2000 च्या ध्वनिप्रदूषण नियमांनुसार उघड्यावर रात्री 10 ते सकाळी 6 ध्वनिवर्धक वापरता येत नाही. सांस्कृतिक किंवा धार्मिक उत्सवांसाठी राज्य सरकार वर्षातून जास्तीत जास्त 15 दिवस जी सवलत देऊ शकते, ती रात्री 10 ते 12 याच वेळेपुरती असते. दिवाळी पहाटेचे आयोजन करणाऱ्यांनी हे विशेष लक्षात घ्यावे: उघड्यावरचा कार्यक्रम सहानंतर सुरू करावा, अन्यथा बंदिस्त सभागृह घ्यावे.

रंगमंच व्यवस्थापक एकच असावा आणि कलाकारांशी तांत्रिक बोलणे त्याच्याच मार्फत व्हावे. वाद्ये जुळवण्यासाठी त्याने रंगमंचाजवळ शांत खोली राखावी, कारण थंडीत किंवा दमट हवेत तबला आणि तानपुरा पुन्हा पुन्हा लावावे लागतात. साउंड चेक श्रोते येण्यापूर्वी, सर्व साथीदारांसह पूर्ण करावा.

पहाटेपासून सांगाडे उभारणाऱ्या माणसाला रात्री मिक्सरवर बसवू नये. उभारणी आणि उतरवणीसाठी वेगळे कामगार ठरवावेत, त्यांच्या जेवणाची आणि विश्रांतीची वेळ वेळापत्रकातच लिहावी, आणि श्रोते मैदानाबाहेर पडेपर्यंत एकही दिवा किंवा केबल काढू देऊ नये.