एकाच कुकरात घरादाराचं आणि कुत्र्याचं जेवण

माणसांसाठी एक आणि कुत्र्यासाठी वेगळा, असा दोनदा स्वयंपाक नोकरी करणाऱ्या घरात चार दिवसही टिकत नाही. टिकते ती एकच सवय: कुत्र्याचा वाटा फोडणीच्या आधी काढायचा. फोडणी पडली की कांदा, लसूण, मीठ, तिखट सगळं आत जातं आणि मग वरवरचा रस्सा झटकून किंवा चिकनचा तुकडा धुऊन उपयोग नसतो.

त्यातलं खरं संकट कांदा-लसणाचं. त्यांतली गंधकयुक्त द्रव्यं कुत्र्याच्या तांबड्या पेशी फोडतात. शिजवून, भाजून किंवा वाळवून हा गुण जात नाही. भाजलेल्या कांद्याचं वाटण तर जास्तच तीव्र. वजनाच्या अर्ध्या टक्क्याएवढा कांदा एका वेळी पोटात गेला तर विषबाधा होते. म्हणजे १० किलोच्या कुत्र्याला ५० ग्रॅम, साधारण अर्धा कांदा. लक्षणं लगेच दिसत नाहीत. दोन-तीन दिवसांनी कुत्रा मलूल होतो, हिरड्या फिकट पडतात, लघवी लालसर-तपकिरी होते. चिकनचा अळणी रस्साही चालत नाही, कारण बहुतेक घरांत त्यालाही आलं-लसूण लावलेलं असतं.

चौघांचं घर आणि १० किलोचा, नसबंदी झालेला, पूर्ण वाढीचा कुत्रा धरून कुत्र्याचं एका दिवसाचं प्रमाण असं: बिनहाडांचं, कातडी काढलेलं चिकन कच्चं २७० ग्रॅम (शिजून साधारण २०० उरतं), शिजलेला भात १५० ग्रॅम, लाल भोपळा ८० ग्रॅम, एक चहाचा चमचा तेल. ही बेरीज ६०० कॅलरीच्या आसपास जाते आणि ती दोन वेळांत वाटायची. वजन बदललं तर सरळ त्रैराशिक मांडू नका. ५ किलोच्या पॉमेरेनियनला याच्या निम्मं नाही, साठ टक्के लागतं. २५ किलोच्या लॅब्रेडॉरला अडीचपट नाही, दुप्पट पुरतं. महिन्यातून एकदा वजन करा आणि फासळ्या चाचपा. हलक्या हाताला लागल्या तर ठीक, दाबून शोधाव्या लागल्या तर भात कमी करा.

कुकरात तळाला पाणी, खालच्या डब्यात चिकनचे इंचभराचे तुकडे आणि बुडेल इतकं पाणी, झाकण लावून. मध्ये घरच्या तांदळातच कुत्र्यासाठी मूठभर वाढवून भात. वर तुरीची डाळ आणि तिच्यावर ताटलीत भोपळ्याच्या फोडी. मीठ कशातच नाही. चिकन खालीच ठेवायचं, नाहीतर त्याचं पाणी डाळीत उतरतं. नेहमीच्या तीन-चार शिट्ट्या पुरतात. वाफ गेली की आधी कुत्र्याचा भात, चिकन, भोपळा बाजूला काढा. मग डाळ घोटून मीठ-हिंग घालून वरण, उरलेल्या भोपळ्याचं दही घालून भरीत. रश्श्याचा बेत असेल तर हाडांचं चिकन कढईत वेगळं शिजवा आणि डब्यातलं पाणी त्यात ओता. दोन-तीन चमचे मात्र कुत्र्यासाठी राखा. शिजलेलं हाड त्याला द्यायचं नाही. ते टोकदार फुटतं आणि घशात किंवा आतड्यात रुततं. भोपळ्याऐवजी दुधी घेतलात तर कच्चा तुकडा चाखा, कडू लागला तर फेका.

आता सगळ्यात जास्त विसरली जाणारी गोष्ट. चिकन-भातात फॉस्फरस भरपूर आणि कॅल्शियम जवळजवळ नाही. असं महिनोन् महिने चाललं तर शरीर हाडांतून कॅल्शियम ओढतं. अंड्याची टरफलं धुऊन, दहा मिनिटं उकळून, खडखडीत वाळवून मिक्सरमध्ये पिठासारखी दळा. वरच्या प्रमाणाला दिवसाला अर्धा चहाचा चमचा, सपाट. जस्त, आयोडीन, ड आणि ई जीवनसत्त्वं तरीही अपुरी पडतात, म्हणून रोजचं जेवण घरचंच असेल तर पशुवैद्याकडून पूरक पावडर लिहून घ्याच. पिल्लू, गाभण मादी, किडनीचा किंवा स्वादुपिंडाचा आजार, यांच्यासाठी हे प्रमाण नाही.

कुत्र्याच्या जेवणातल्या नखऱ्यांचं मूळ बहुतेक वेळा ताटात नसतं, घरातल्या माणसांत असतं. आजोबा चहाबरोबर बिस्किट देतात, मुलं पोळीचा तुकडा, कामाला येणाऱ्या मावशी चपातीला तूप लावून. मग वाटीकडे तो बघेल कशाला? असं वरचं खाणं दिवसाच्या कॅलरींच्या दहा टक्क्यांवर जाऊ नये. १० किलोच्या कुत्र्याला म्हणजे ६० कॅलरी, तीन-चार ग्लुकोज बिस्किटांतच संपतात. वाटी ठेवा, वीस मिनिटांनी उचला, पुढच्या वेळेपर्यंत काही नाही. खाल्लं नाही म्हणून लगेच दुसरा पदार्थ पुढे केलात की तो नकार द्यायला शिकतो.

चिकन वेचून भात ठेवत असेल तर चिकन बारीक कुसकरून, राखलेलं पाणी घालून भाताला चोळा, म्हणजे वेचता येत नाही. जेवण कोमट द्या, मनगटाला जेमतेम ऊब लागेल इतकं. फ्रिजमधल्या अन्नाला वास नसतो आणि कुत्रा आधी वासावर जेवतो. विकतच्या कोरड्या खाद्याच्या दाण्यांवरून घरच्या जेवणावर येताना सात दिवस घ्या, पाव-अर्धं-पाऊण असं वाढवत. एकदम बदललं तर जुलाब होतात. दोन कुत्रे असतील तर एक हॉलमध्ये, दुसरा बाल्कनीत. एरवी नीट खाणारा कुत्रा चोवीस तास जेवला नाही तर मात्र ते नखरे समजू नका. दात, हिरड्या बघा आणि डॉक्टरकडे न्या.

ठाण्या-वाशीच्या दमट हवेत उष्ट्या वाटीला लवकर वास सुटतो. एप्रिल-मेमध्ये तासाभरात, एरवी दोन तासांत उचला. फ्रिजमध्ये दोन दिवस, त्यापुढचं एकेका वेळेच्या डब्यांत फ्रीझरमध्ये. गोठलेला डबा ओट्यावर ठेवू नका, आदल्या रात्री खाली फ्रिजमध्ये उतरवा. पावसाळ्यात फिरणं कमी होतं तेव्हा भात दहावा हिस्सा कमी.

श्रावणात घरी मांसाहार नसेल तर छोटा कुकर वेगळा ठेवा, नाहीतर त्या काळापुरतं प्रमाण उकडलेली अंडी आणि पनीरवर डॉक्टरकडून बसवून घ्या. नुसत्या दहीभातावर महिना काढू नका. नवी मुंबईतल्या दिवाळे कोळीवाड्यातून मासळी आणत असाल तर रावसाचा बिनकाट्याचा तुकडा वाफवून चालतो, मांदेली-बोंबील नको. गणपतीत शिऱ्याच्या आणि पंचखाद्याच्या डब्यावर झाकण घट्ट बसवा, बेदाणे आणि मनुका कुत्र्याची किडनी निकामी करू शकतात.