हेडलॅम्पची डागडुजी: माझा अनुभव

तीन एएए सेलवर चालणारा हा छोटा हेडलॅम्प वजनाला हलका, पट्टाही बरा. पण झोत सगळा मधोमध. पायाखालचा दगड लख्ख दिसतो आणि वाटेची कड अंधारात. दुधाळ प्लास्टिकच्या झाकणातून चकती कापून काचेवर बसवली. उजेड थोडा घटला, पण छान पसरला.

दिवा मधूनच मिणमिणायचाही. त्याचं कारण वेगळंच निघालं. अल्कलाइन सेल गळून स्प्रिंगवर पांढरा थर साचला होता. लिंबाच्या रसात बुडवलेल्या कापसाने तो पुसला, ओल्या बोळ्याने रस टिपला आणि कोरडं झाल्यावर पॉलिश पेपर फिरवला. आता १.२ व्होल्टचे रिचार्जेबल सेल घालतो. ते गळण्याची भीती कमी.

पावसाळ्यात राजमाचीच्या वाटेवर धुकं दाटलं की कपाळावरचा उजेड उलटून डोळ्यांतच येतो. तेव्हा दिवा सरळ कमरेला बांधावा.